शेवटच्या दोन सेकंदांच्या आधी

खोलीत अंधार आहे. तीन बाजूंना पडदे, आणि समोरच्या पडद्यावर एका घराचा उघडा दरवाजा. आत एक माणूस सुरी घेऊन उभा आहे आणि काहीतरी ओरडतो आहे. पडद्यासमोर एक तरुण पोलीस. त्याच्या हातातलं पिस्तूल वजनाला, पकडीला अगदी खऱ्यासारखं, फक्त आत गोळीऐवजी लेझर. मागे संगणकापाशी प्रशिक्षक बसलेला. तरुण काय बोलतो, किती पुढे जातो हे पाहून प्रशिक्षक एक कळ दाबतो आणि पडद्यावरचा माणूस सुरी खाली टाकतो, नाहीतर अंगावर धावून येतो. असा सराव मी एकदा मागच्या बाकावर बसून पाहिला. तरुणानं दोनदा "सुरी टाक" म्हटलं, माणूस पुढे झेपावला, गोळी सुटली, पडदा काळा झाला. दिवे लागले. पडद्यावर दोन आकडे आले: किती वेळात गोळी झाडली आणि ती कुठे लागली. "छान," प्रशिक्षक म्हणाला, आणि पुढचा उमेदवार आत आला.

तेव्हापासून दोन प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीत. हा पोलीस त्या दारापर्यंत पोचला कसा? आणि पडदा काळा झाल्यावर खाली पडलेल्या माणसाचं पुढे काय झालं?

पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवा यांच्या प्रशिक्षणात सिम्युलेशन, म्हणजे असा खोटा प्रसंग उभा करून घेतलेला सराव, हवंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यावर आज होतो त्यापेक्षा जास्त खर्च व्हावा, असंही मला वाटतं. माझी तक्रार वेगळी आहे. सरावासाठी जे प्रसंग लिहिले जातात ते फार उशिरा सुरू होतात आणि फार लवकर संपतात. माणसं मरतात ती बहुतेकदा या दोन टोकांच्या बाहेर घडलेल्या गोष्टींमुळे.

आधी सिम्युलेशन लागतंच कशाला ते पाहू. "अनुभवासारखा गुरू नाही, माणूस रस्त्यावरच शिकतो," असं म्हणणारे जुने अधिकारी प्रत्येक खात्यात भेटतात. त्यात तथ्य आहे. १९८० च्या दशकात गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञानं आग विझवणाऱ्या पथकप्रमुखांचा अभ्यास केला, तेव्हा त्याला दिसलं की हे लोक आगीसमोर उभं राहून चार पर्याय मांडून त्यांची तुलना करतच नाहीत. समोरचं दृश्य ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीबरोबर पुढचं पाऊलही सुचतं. ही ओळख शेकडो आगी पाहून तयार होते. पण जी घटना एखाद्याच्या सबंध नोकरीत एकदाच घडते तिची ओळख कुठून येणार? शिवाय रोजच्या अनुभवात चूक झाली तरी नशिबानं निभावून जातं, आणि निभावलं की माणसाला वाटतं आपण केलं ते बरोबरच होतं. असा अनुभव आत्मविश्वास वाढवतो, कौशल्य वाढवेलच असं नाही.

विमानवाल्यांना हे सगळ्यात आधी कळलं, तेही माणसं गमावल्यावर. एडविन लिंकनं १९२९ मध्ये जमिनीवरच हलणारं, डुलणारं एक छोटं विमान बनवलं. त्याच्या वडिलांचा वाद्यांचा कारखाना होता. ऑर्गनला हवा पुरवणारे भाते त्यानं या यंत्राला बसवले. जत्रेतलं खेळणं म्हणून लोकांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचं काम अचानक पडलं. ढगात, अंधारात, नुसत्या उपकरणांच्या भरवशावर उडण्याची त्यांना सवय नव्हती, आणि काही आठवड्यांत डझनभर वैमानिक मेले. मग लष्करानं लिंककडून सहा यंत्रं घेतली. जी चूक आकाशात करायची सोय नाही ती जमिनीवर करून घ्यावी, हा विचार तिथून रुळला.

आपत्कालीन सेवांमध्ये हा विचार बाहुलीच्या रूपानं आला. ओस्मुंड लेर्डाल या नॉर्वेतल्या खेळणी बनवणाऱ्या कारखानदारानं १९६० मध्ये श्वास थांबलेल्या माणसाला वाचवण्याचा सराव करता यावा म्हणून माणसाएवढी बाहुली तयार केली. आजही सीपीआर शिकणारा प्रत्येक जण तिच्याच कुठल्यातरी वंशजासमोर गुडघे टेकतो. मीही टेकले आहेत. छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे वाचून माहीत होतं. पण दुसरं मिनिट संपण्याआधीच मनगटं भरून आली, वेग मंदावला आणि तो मंदावला आहे हे मला कळलंसुद्धा नाही. बाहुलीला जोडलेल्या छोट्या पडद्यानं ते सांगितलं. दर दोन मिनिटांनी माणूस बदला असं का सांगतात, ते त्या दिवशी हातांना समजलं.

बाहुली जे शिकवत नाही तेही तिथेच कळलं. आमची प्रशिक्षक बरीच वर्षं रुग्णवाहिकेवर काम केलेली बाई होती. ती म्हणाली, "खऱ्या माणसाची बरगडी मोडल्याचा आवाज येतो. तेव्हा थांबू नका." बाहुलीच्या बरगड्या मोडत नाहीत. तिच्या तोंडातून काही बाहेर येत नाही, शेजारी तिची बायको किंचाळत नसते. सरावातून जे वगळलं जातं तिथेच माणूस ऐन वेळी गोठतो. म्हणून कुठलाही सराव पाहताना मी आता आधी हेच विचारतो, की यातून काय वगळलं आहे?

गोळीबाराच्या सरावातून काय वगळलेलं असतं? भीती. नेदरलँड्समध्ये राऊल औडेयान्स या संशोधकानं २००८ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. काही पोलिसांना नेहमीसारखा पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर सराव दिला आणि काहींना अशा माणसासमोर, जो उलट त्यांच्यावर साबणाच्या गोळ्या झाडत होता. नंतर दडपणाखाली परीक्षा घेतली. पुठ्ठ्यावर शिकलेल्यांचा नेम दडपणाखाली पहिल्यासारखाच घसरला. उलट गोळ्या खात शिकलेल्यांचा टिकला. प्रयोगात पोलीस मोजकेच होते, पण निष्कर्ष पटण्याजोगा आहे. ज्या मनःस्थितीत काम करायचं, थोडीफार त्याच मनःस्थितीत शिकायला हवं.

याची दुसरी बाजू जास्त भीतिदायक आहे. दडपणाखाली हात तेच करतात जे सर्वाधिक वेळा घोटून घेतलेलं असतं. ११ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ब्रुकलिन सेंटरमध्ये २६ वर्षं नोकरी झालेल्या एका महिला पोलीस अधिकाऱ्यानं, थांबवलेल्या गाडीतल्या वीस वर्षांच्या तरुणावर विजेचा धक्का देणारं टेझर वापरायचं ठरवलं. तीन वेळा ती "टेझर" असं ओरडली. टेझर पिवळं होतं आणि कमरेच्या डाव्या बाजूला होतं. तिनं उजव्या बाजूचं काळं पिस्तूल काढलं आणि गोळी झाडली. तरुण मेला, तिला सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली. ती दोषी होतीच. पण वर्षानुवर्षं पिस्तूल काढण्याचाच सराव करणाऱ्या हातानं घाईच्या क्षणी पिस्तूलच काढलं, यात त्या हाताला घडवणाऱ्या व्यवस्थेचा काहीच वाटा नाही असं मला म्हणता येत नाही.

आता त्या दाराकडे परत येतो.

२२ नोव्हेंबर २०१४, अमेरिकेतलं क्लीव्हलंड शहर. एका बागेत कुणीतरी पिस्तूल रोखतो आहे, असा फोन नियंत्रण कक्षाला आला. फोन करणाऱ्यानं हेही सांगितलं होतं की पिस्तूल बहुतेक खोटं आहे आणि तो बहुतेक लहान मुलगा आहे. फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडून हे दोन 'बहुतेक' पुढे गेलेच नाहीत. गस्तीच्या गाडीला एवढंच कळलं की बागेत पिस्तूलधारी माणूस आहे. चालकानं गाडी गवतावरून थेट त्याच्यापुढे नेली. शेजारी बसलेला पोलीस उतरला आणि दोन सेकंदांच्या आत त्यानं गोळी झाडली. मुलगा १२ वर्षांचा होता. पिस्तूल खेळण्यातलं होतं. पुढची सुमारे चार मिनिटं दोघांपैकी कुणीही त्याच्यावर प्रथमोपचार केले नाहीत. ते सुरू झाले जवळपास असलेला, वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेला एफबीआयचा एक माणूस तिथे आल्यावर. दुसऱ्या दिवशी मुलगा गेला.

या घटनेवर सिम्युलेटरचा प्रसंग बेतायचा तर नेहमीच्या पद्धतीत तो गाडीचं दार उघडण्यापासून सुरू होईल आणि गोळी सुटली की संपेल. त्या दोन सेकंदांत गोळी झाडणं बरोबर की चूक, यावर तासभर चर्चाही होईल. पण गाडी तिथे जाऊन थांबल्यावर सुटकेचे रस्ते जवळजवळ बंद झाले होते. निर्णय आधीच झाले होते: एक फोनवर, एक गाडी चालवताना. आणि शेवटचा निर्णय, म्हणजे पडलेल्या मुलाकडे डॉक्टर येईस्तोवर आपणच धावायचं हा, पडदा काळा झाल्यामुळे कुणी कधी घोटूनच घेतलेला नसतो. ज्याला दहा वर्षं गोळीनंतर दिवे लागण्याची सवय आहे तो खऱ्या गोळीनंतर नुसता उभा राहिला, तर मला त्याचा राग येतो, पण आश्चर्य वाटत नाही.

प्रशिक्षणाचे तास कुठे जातात तेही पाहायला हवं. अमेरिकेतल्या 'पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम' या संस्थेनं २०१५ मध्ये पोलीस खात्यांची पाहणी केली. नव्या भरतीला शस्त्र चालवायला शिकवण्याचे ५८ तास, झटापट आणि स्वसंरक्षणाचे ४९ तास, आणि बोलून प्रसंग शांत करायला शिकवण्याचे ८ तास. याच संस्थेचे लोक त्या वर्षी स्कॉटलंडला गेले. तिथले बहुसंख्य पोलीस पिस्तूल बाळगत नाहीत, तरी सुरी घेतलेल्या माणसाला आवरतात. अंतर राखायचं, मध्ये काहीतरी आडोसा ठेवायचा, वेळ काढायचा आणि एकानंच बोलायचं, हा त्यांचा मंत्र. त्यावरून आयकॅट नावाचा अभ्यासक्रम बांधला गेला, आणि तो मुख्यतः अभिनय करून दाखवलेल्या प्रसंगांवर उभा आहे. लुइव्हिल शहराच्या पोलिसांना २०१९ मध्ये तो टप्प्याटप्प्यानं दिला आणि संशोधकांनी परिणाम मोजला. बळाचा वापर करावा लागल्याच्या घटना २८ टक्क्यांनी घटल्या, नागरिकांच्या दुखापती २६ टक्क्यांनी, आणि पोलिसांच्या स्वतःच्या दुखापती ३६ टक्क्यांनी.

तो शेवटचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "असलं मवाळ शिक्षण दिलं तर आमची माणसं मरतील," ही खात्यांची भीती खोटी नाही. ज्याच्या घरचं माणूस गणवेशात बाहेर पडतं त्याला ती विचारून पाहा. पण तिथे मोजलं तेव्हा उलटंच दिसलं. वेळ काढायला शिकलेला पोलीसही घरी जास्त धडधाकट परतला.

हे झालं एकट्यादुकट्या पोलिसाचं. मोठ्या दुर्घटनेत प्रश्न आणखी वेगळा होतो, कारण तिथे माणसं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून मरतात. इथेही विमान क्षेत्राचाच दाखला देतो. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं आदळून ५८३ लोक गेले. एका विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरनं "ते विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना?" अशी शंका काढली होती, ज्येष्ठ कप्तानानं ती उडवून लावली. त्यानंतर वैमानिकांना यंत्राबरोबर संवादाचंही प्रशिक्षण देण्याचा विचार मूळ धरू लागला: कनिष्ठानं टोकायचं कसं आणि वरिष्ठानं ऐकायचं कसं. १९८९ मध्ये युनायटेड या अमेरिकी कंपनीच्या २३२ क्रमांकाच्या विमानाची सगळी हायड्रॉलिक व्यवस्था, म्हणजे ज्यावर विमान वळवता येतं तीच, हवेत निकामी झाली. असा बिघाड कुणी कधी सिम्युलेटरवर गिरवलेला नव्हता, कारण तो होऊच शकत नाही असं मानलं जात होतं. कप्तान अल हेन्स, त्याचे सहकारी आणि प्रवासी म्हणून बसलेला एक प्रशिक्षक वैमानिक यांनी दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिला, की आम्हाला एकत्र काम करायला शिकवलं होतं म्हणून हे जमलं. बिघाड नवा होता, पण एकमेकांशी बोलणं अंगवळणी पडलेलं होतं.

पोलिसांत आणि आपत्कालीन सेवांमध्ये हे बोलणं किती घोटून घेतलं जातं? अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या युव्हाल्डी इथल्या शाळेत २४ मे २०२२ रोजी एका बंदूकधाऱ्याकडून १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६ पोलीस तिथे जमले, आणि हल्लेखोराला रोखायला ७७ मिनिटं लागली. कोलंबाइनच्या शाळेतल्या १९९९ च्या हत्याकांडानंतर अमेरिकेत शिकवण बदलली होती: विशेष पथकाची वाट पाहू नका, आत जा. युव्हाल्डीच्या शाळेच्या पोलिसांचं असं प्रशिक्षण त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे दोनच महिने आधी झालं होतं. कागदावर सगळं शिकवून झालं होतं. माझ्या समजुतीप्रमाणे अशा सरावांत चार जण रांगेनं आत कसे जातात ते घोटून घेतात. शेकडो माणसं एका व्हरांड्याभोवती गोळा झाली आहेत, प्रत्येकाला वाटतं हुकूम दुसरा कुणीतरी देईल, आणि कुणीच देत नाही, हा प्रसंग कुणी लिहीत नाही. खरा प्रसंग मात्र हाच होता.

आणि मँचेस्टर. याबद्दल लिहिताना मला त्रास होतो.

२२ मे २०१७ च्या रात्री मँचेस्टर अरीनात संगीताच्या कार्यक्रमानंतर बॉम्बस्फोट झाला. २२ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. अग्निशमन दल घटनास्थळी पोचलं ते दोन तासांहून अधिक वेळानं. जखमी पडले होते त्या दालनात रुग्णवाहिका सेवेचे केवळ तीन कर्मचारी गेले. पोलिसांच्या नियंत्रण कक्षात त्या वेळी सगळ्याचा प्रमुख एकच अधिकारी होता. त्यानं सशस्त्र हल्ल्यासाठीची आणीबाणी जाहीर केली, पण ती इतर सेवांना कळवायची राहून गेली. फोनमागून फोन येत होते, आणि ज्यांना त्याच्याशी बोलायची खरी गरज होती त्यांना तो मिळत नव्हता. लोक जाहिरातींचे फलक आणि रेलिंगचे तुकडे स्ट्रेचर म्हणून वापरून जखमींना खाली नेत होते. मृतांपैकी एकाला वेळेत उपचार मिळाले असते तर तो बहुधा वाचला असता, असं २०२२ मध्ये चौकशीच्या अहवालानं नमूद केलं.

आता हे वाचा. त्याच्या सुमारे एक वर्ष आधी, मे २०१६ मध्ये, त्याच शहराच्या पोलिसांनी एका मोठ्या मॉलमध्ये रात्रभर दहशतवादी हल्ल्याची रंगीत तालीम घेतली होती. शेकडो स्वयंसेवक, खोटं रक्त, खोटे स्फोट. नियंत्रण कक्षातला त्या जागेवरचा एकटा अधिकारी कामाच्या भाराखाली दबून जातो आणि इतर सेवांशी त्याचा संपर्क तुटतो, हे त्या तालमीत दिसलं होतं. तालीम अपयशी ठरली नव्हती. तिनं तिचं काम चोख केलं, दुखणं नेमकं दाखवलं. पुढे मात्र येरे माझ्या मागल्या. वर्षभरात त्या जागेवरचा भार हलका झाला नाही.

त्या तालमीबद्दल तेव्हा वर्तमानपत्रांत आलं ते वेगळ्याच कारणानं. खोट्या हल्लेखोराच्या तोंडी एका धर्माची घोषणा घातली होती. टीका झाल्यावर पोलिसांनी माफी मागितली. ती टीका योग्यच होती. प्रसंग लिहिणारा ज्या माणसाला वारंवार हल्लेखोर करतो त्याच्याकडे शिकणारा उद्या रस्त्यावर त्याच नजरेनं पाहणार. दहापैकी नऊ प्रसंगांत पडद्यावरचा माणूस शस्त्र काढत असेल तर शिकणाऱ्याला धडा मिळतो तो एवढाच, की माणसं शस्त्र काढतात. बहिरा असल्यामुळे हुकूम न ऐकणारा, मानसिक आजारामुळे घाबरलेला, खिशातून ओळखपत्र काढू पाहणारा, नुसताच चिडलेला, अशा माणसांचे प्रसंग निम्म्याहून अधिक असायला हवेत, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रसंगांचं योग्य उत्तर 'दोन पावलं मागे सरा' हेच असायला हवं. हे प्रसंग लिहिताना खात्याबाहेरची माणसंही बसवा: मानसोपचारतज्ज्ञ, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी, ज्यांच्या वस्तीत पोलीस सर्वांत जास्त वेळा जातात तिथले रहिवासी.

पैशाचा मुद्दा येणारच. डोळ्यांवर चढवायचे आभासी जगाचे चष्मे, भिंतभर पडदे हे दाखवायला देखणं असतं, म्हणून त्यांची खरेदी लवकर मंजूर होते. मिळत नाही ती गोष्ट वेगळी आहे: ड्युटीवरून मोकळी केलेली माणसं आणि त्यांचा वेळ. चांगला अभिनय करणारे चार जण, एक रिकामी इमारत, नियंत्रण कक्षातला खरा कर्मचारी खऱ्या रेडिओवर, आणि प्रसंगानंतर निवांत उजळणी, एवढ्यावर उत्तम सराव होतो. वैद्यकीय सिम्युलेशनवाले अनेक वर्षं सांगत आले आहेत, की शिकणं घडतं ते मुख्यतः या उजळणीत. वीस मिनिटांचा प्रसंग असेल तर चाळीस मिनिटं त्यावर बोला. तिथे केलेली चूक सेवापुस्तकात जाता कामा नये, नाहीतर कुणी चूक दाखवणारच नाही. पण सरावात दिसलेला व्यवस्थेतला दोष मात्र लेखी नोंदवला जावा, त्यावर जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि मुदत असावी, आणि मुदत टळली तर ते नागरिकांना कळावं. माणसाची चूक झाकायची आणि संस्थेची उघड करायची, असं हे गणित आहे. आज बहुतेक ठिकाणी ते नेमकं उलटं चालतं.

मला लिहू दिला तर एक प्रसंग मी असा लिहीन. सुरुवातीला पडदा नाही, फक्त फोनची घंटा. खुर्चीवर नियंत्रण कक्षाचा शिकाऊ कर्मचारी. पलीकडून आवाज येतो: बागेत कुणीतरी पिस्तूल घेऊन फिरतो आहे, बहुतेक खोटं असावं, बहुतेक लहान मुलगा आहे. कर्मचारी काय टिपून घेतो, रेडिओवर नेमके कोणते शब्द उच्चारतो, हे ध्वनिमुद्रित होतं. शेजारच्या खोलीत गाडीच्या सीटवर दोन पोलीस. गाडी किती अंतरावर थांबवायची ते त्यांनी ठरवायचं. गाडी लांब, एखाद्या भिंतीच्या आडोशाला थांबली तर पडद्यावरचा मुलगा हाक ऐकून वळतो, खेळणं गवतावर ठेवतो आणि रडायला लागतो. गाडी जवळ गेली आणि गोळी सुटली तर पडदा काळा होत नाही. जमिनीवर माणसाएवढी बाहुली असते, तिच्या जखमेतून पाणी वाहत असतं आणि भिंतीवर चार मिनिटांचं घड्याळ चालू होतं. दोन्ही शेवटांनंतर दिवे लागले की प्रशिक्षक तिघांनाही एकाच टेबलाशी बसवतो आणि ध्वनिमुद्रण पहिल्या घंटेपासून लावतो.